रघुनाथराव कर्व्यांना कोणत्या रकान्यात बसवणार?

गेल्या पावसाळ्यात मूल तालुक्यातल्या एका गावी वर्षावासाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. ग्रंथवाचन झाले, खीरदान झाले आणि नागपुरात शिकून आलेला एक तरुण उठून उभा राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा पन्नास वर्षांचा हक्क काढून घेतला, ते त्याने मोबाईलवर वाचले होते. तिकडे गर्भपाताला विरोध करणारा तो परंपरावादी आणि पाठिंबा देणारा तो उदारमतवादी अशी सरळ वाटणी आहे, मग आपण आंबेडकरवादी कोणत्या बाजूचे, असा त्याचा सवाल होता. पुढे बसलेल्या एका वयस्कर उपासिकेने लगेच पहिल्या शीलाची आठवण करून दिली. प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे शील आपण रोज घेतो, मग पोटातल्या जिवाचे काय? विहारात शांतता पसरली. आम्ही वकील असलो तरी त्या दिवशी आमच्याकडे तयार उत्तर नव्हते.

घरी परतताना आम्हाला एका माणसाची आठवण झाली. तो ना बौद्ध होता, ना दलित. चित्पावन ब्राह्मणाच्या घरात जन्मला आणि देवधर्म साफ नाकारून जगला. तरीही १९३४ साली हा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता तेव्हा त्याचे वकीलपत्र घेऊन साक्षात बाबासाहेब उभे राहिले होते. त्याचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. कोकणातले मुरूड हे त्यांचे गाव. वडील धोंडो केशव म्हणजेच पुढचे महर्षी कर्वे. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, आई राधाबाई वारली. त्यानंतर दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरूडच्या ब्रह्मवृंदाने घरावर बहिष्कार घातला. सुधारणेची किंमत काय असते हे या पोराने पुस्तकात वाचले नाही, घरातच पाहिले. १८९९ साली तो मॅट्रिकला पहिला आला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाला आणि गणिताचा प्राध्यापक झाला. पुढे पॅरिसला जाऊन आला. तिथून परतला तो डोक्यात एकच विषय घेऊन. बाईला मूल कधी हवे, किती हवीत आणि हवे की नको, हे तिला ठरवता आले पाहिजे.

त्या काळी बाईच्या शरीराबाबत महाराष्ट्रात दोन पक्ष होते, पण आज आपण समजतो तसे ते नव्हते. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याचेच बघा. मुलीशी शरीरसंबंधाचे वय दहावरून बारा वर्षे करायचे, एवढाच तो कायदा. राजकारणात जहाल असलेले टिळक त्याच्या विरोधात उभे राहिले आणि आगरकरांनी बाजू घेतली. म्हणजे इंग्रजांशी लढणारा जहाल माणूस बारा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत सनातनी ठरला, आणि इंग्रजांपुढे अर्ज करणारे मवाळ इथे सुधारक ठरले. मग यांपैकी उदारमतवादी कोणाला म्हणायचे? आमच्या जोतीराव-सावित्रीमाईंना तर या दोन्ही पक्षांत जागाच नव्हती. त्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल मारू नये, हवे तर ठेवून जावे. हे काम गर्भाच्या बाजूचे की बाईच्या? जोतीराव-सावित्रीमाईंना हा प्रश्न पडलाच नाही, कारण बाई वाचली तरच मूल वाचते हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा.

रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत, गिरगावात, संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले. म्हणजे साहेबाच्या देशात जे काम सुरू होत होते ते त्याच वर्षी आपल्या मुंबईत सुरू झाले होते. पत्नी मालतीबाई या कामात बरोबरीने होत्या. मूल होऊ द्यायचे नाही असे दोघांनी विचारपूर्वक ठरवले, आणि शस्त्रक्रिया बायकोला करायला न लावता रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. आज आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत नसबंदीच्या शिबिरात कोणाच्या रांगा लागतात ते बघा आणि मग या शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाकडे बघा.

नोकरी टिकली नाही. रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते आणि ते कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचे होते. संततिनियमनाचा प्रचार आणि प्राध्यापकी यांतले एक निवडा असे सांगण्यात आले. त्यांनी १९२५ साली राजीनामा दिला. म्हणजे एकीकडे हिंदू सनातनी त्यांना शिव्या घालत होते आणि दुसरीकडे आधुनिक शिक्षण देणाऱ्या ख्रिस्ती संस्थेलाही ते नकोसे झाले. वडिलांच्या संस्थांभोवतीच्या सुधारक मंडळींनाही विधवाविवाह पचला होता, स्त्रीशिक्षण पचले होते, पण शरीरसंबंधातले सुख हा बाईचाही हक्क आहे असे सांगणारा त्यांचा मुलगा पचला नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि मरेपर्यंत ते चालवले. गुप्तरोग, गर्भधारणा, गर्भनिरोधक साधने, लैंगिक सवयी, सगळ्यांवर त्यात सरळ भाषेत लिहिलेले असे. वाचक पत्रे पाठवून आपल्या अडचणी विचारत आणि रघुनाथराव उत्तरे छापत. ज्या गोष्टी बायको नवऱ्याला आणि मुलगा बापाला विचारू शकत नव्हता त्या या मासिकाला विचारल्या जात. १९३१ साली व्यभिचाराविषयीच्या एका लेखावरून पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. वरच्या न्यायालयात अपील केले, ते फेटाळले गेले.

दुसरा खटला १९३४ चा. या वेळी वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवली गेली होती. आता १९३४ साली बाबासाहेब कुठे होते ते लक्षात घ्या. गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या. पुणे करार होऊन दीडच वर्ष झाले होते. देशभरातल्या अस्पृश्यांचे ओझे अंगावर, घरी रमाई आजारी, वकिलीवर संसार. अशा वेळी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या प्रश्नोत्तरांचा खटला कोण घेईल? नावाची काळजी असलेला कोणताही पुढारी दहा हात लांब राहिला असता. शिवाय आरोपी ब्राह्मण. आपल्याच लोकांनी नावे ठेवली असती. पण बाबासाहेबांनी वकीलपत्र घेतले.

त्यांचा युक्तिवाद वकिलांनी आजही अभ्यासावा असा आहे. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, ही त्याची पहिली पायरी. मासिकाचे कामच लैंगिक शिक्षण देण्याचे असेल आणि वाचक अडचण विचारत असतील तर उत्तर द्यायचे नाही का, ही दुसरी. प्रश्न विकृत वाटला तरी तो विचारणाऱ्याला ज्ञानानेच बाहेर काढता येते, गप्प बसून नाही, ही तिसरी. हॅवलॉक एलिससारख्या पाश्चात्त्य अभ्यासकांचे संशोधन त्यांनी न्यायालयापुढे ठेवले. खटला हरला आणि रघुनाथरावांना दोनशे रुपये दंड झाला. त्या काळी अश्लीलतेची कसोटी इंग्लंडच्या १८६८ च्या हिक्लिन निकालातून आलेली होती. ज्याचे मन बिघडू शकते अशा दुबळ्यातल्या दुबळ्या वाचकाच्या हाती मजकूर पडला तर काय होईल, एवढेच ती कसोटी बघायची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती २०१४ साली अवीक सरकार खटल्यात बाजूला ठेवली. बाबासाहेबांचा युक्तिवाद ऐंशी वर्षे आधीचा होता, इतकेच.

हा खटला केवळ धंद्याचा भाग म्हणून घेतला होता असे कोणी म्हणेल, तर पुढची गोष्ट त्याने पाहावी. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि साधनांची सोय करावी, ही त्याची मागणी. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले. बाळंतपणाच्या वेदना पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला तो तयारच झाला नसता, असा मुद्दा त्यात होता. सत्तेवर खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली आणि विरोधात ५२. त्याआधी तीन वर्षांपूर्वी वर्ध्याला गांधीजींनी मार्गारेट सँगरबाईंना ब्रह्मचर्याचाच उपाय सांगितला होता, तेव्हा या मतदानाचे आश्चर्य वाटायला नको. स्वराज्यासाठी तुरुंगात जाणारे राष्ट्रवादी बाईच्या पोटाच्या बाबतीत मनूच्या बाजूला बसले.

पण याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून भाषण केले होते. मूल हवे असेल तर त्या आईचा खर्च मालकाने आणि सरकारने उचलावा. मूल नको असेल तर न होण्याचे साधन सरकारने द्यावे. अमेरिकेच्या रकान्यांत बघाल तर पहिली भूमिका मातृत्वाची पाठराखण करणारी आणि दुसरी त्याच्या उलट दिसेल. बाबासाहेबांना त्यात विरोध दिसला नाही, कारण दोन्हीकडे बाई तीच होती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. तिथे त्यांनी आपल्या आयाबहिणींना पोरांची घाईने लग्ने लावू नका आणि फार मुले होऊ देऊ नका असे समजावले. ज्या बापाने आपली चार लेकरे पुरलेली होती तो बाप हे बोलत होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कर्व्यांचे कार्य आणि १९३८ चा ठराव दोन्ही गर्भनिरोधाबद्दल होते, गर्भपाताबद्दल नव्हते. त्या काळी गर्भपात हा दंडसंहितेच्या कलम ३१२ खाली गुन्हा होता आणि करवून घेणारी बाईही त्यात आरोपी होती. गर्भात हालचाल सुरू झाल्यावर केला तर शिक्षा सात वर्षांपर्यंत. ते कलम १८६० सालचे, इंग्रजांनी आणलेले. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम ८८ म्हणून बसलेले आहे. म्हणून आजचे कोणतेही मत आम्ही रघुनाथरावांच्या वा बाबासाहेबांच्या तोंडी घालणार नाही. पण दोघांची विचार करण्याची रीत तरी घेता येते. प्रश्न बाईच्या बाजूने सोडवायचा आणि शिक्का काय बसतो ते बघायचे नाही, ही ती रीत.

अमेरिकेतले शिक्केही कच्चेच आहेत. १९६७ साली कॅलिफोर्नियात गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही केली ती गव्हर्नर रेगन यांनी, पुढे जे परंपरावाद्यांचे दैवत झाले. १९७३ च्या रो निकालात हक्काच्या बाजूने सात न्यायाधीश होते, त्यांतले पाच रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. विरोधातल्या दोघांपैकी एक केनेडींनी नेमलेला होता. रशियात क्रांतीनंतर १९२० साली गर्भपात कायदेशीर झाला आणि १९३६ साली स्टालिनने त्याच लाल झेंड्याखाली बंद केला. रुमानियात १९६६ साली कम्युनिस्ट सरकारनेच बंदी घातली. सरकारला माणसे हवी असली की बाईने जन्माला घालायची, नको असली की पाडायची.

आपल्याकडे तर प्रकार आणखी निराळा. गर्भपाताचा कायदा सुचवणारी समिती नेमली गेली १९६४ साली आणि तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे शांतिलाल शहा. १९७१ साली कायदा झाला तेव्हा राज्यसभेच्या उपसभापतिपदी आपल्या चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे होते. हा कायदा कोणा उदारमतवादी चळवळीने लढून मिळवलेला नाही. चोरून होणाऱ्या गर्भपातात बाया मरत होत्या हे एक कारण आणि लोकसंख्येची भीती हे दुसरे. दुसऱ्या कारणाने काय केले ते आणीबाणीत दिसले. १९७६ साली महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, नाहीतर काय झाले असते याचा विचार करा.

सक्ती अजून गेलेली नाही, तिने वेश बदलला आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते असा नियम महाराष्ट्रात आला. राखीव जागेवर निवडून आलेल्या आमच्या किती बहिणींवर या कलमाखाली अर्ज पडले ते आम्ही तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढून पाहिले आहे. नवऱ्याची खुर्ची वाचवायला बायकोला दवाखान्यात नेल्याचेही ऐकले आहे. हा गर्भपात बाईच्या हक्काचा म्हणायचा की नवऱ्याच्या खुर्चीचा?

आणि मुलीच्या गर्भाचे काय? महाराष्ट्रात १९८८ साली गर्भलिंगचाचणीवर देशातली पहिली बंदी आली, ती स्त्री संघटनांनी लढून आणली. म्हणजे गर्भपाताचा हक्क मागणाऱ्यांनीच एका प्रकारच्या गर्भपाताला आडवे जाऊन कायदा मागितला. अमेरिकन रकान्यात हे कुठे बसते? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४, आणि आमच्या गडचिरोलीत साडेनऊशेच्या वर. ज्यांना जंगली म्हणतात त्यांनी मुली जगवल्या आणि सोनोग्राफीवाल्या पुढारलेल्या मुलखाने मारल्या.

पण म्हणून गडचिरोलीच्या बाईचे सगळे बरे चालले आहे असे नाही. डॉ. राणी बंग यांनी इथल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायांपैकी ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. एटापल्ली, सिरोंच्याच्या बाईला कायद्यातले आठवडे मोजत स्त्रीरोगतज्ज्ञापर्यंत पोचायचे असते. काही वर्षांपूर्वी धानोऱ्याकडची एक अविवाहित मुलगी आशाताईबरोबर आमच्याकडे आली होती. एका दवाखान्यात तिला नवऱ्याची नाहीतर बापाची सही आणा म्हणून दोनदा परत पाठवले होते. बाई अठरा वर्षांची झालेली असेल तर कायद्यात फक्त तिचीच संमती लागते, दुसऱ्या कोणाची नाही. आम्ही पत्र लिहून दिले, तरी शेवटी तिला नागपूर गाठावे लागले. मधले तीन आठवडे वाया गेले. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि काही ठरावीक बायांसाठी चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरेसे झाले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तोच हक्क आहे असे स्पष्ट केले. अमेरिकेने हक्क काढून घेतल्याला तेव्हा तीन महिनेच झाले होते.

आता त्या उपासिकेचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. विनयपिटकात गर्भपात घडवून आणणाऱ्या भिक्खूला संघातून बाहेर काढण्याची शिक्षा सांगितली आहे. म्हणजे धम्म गर्भाला क्षुल्लक समजत नाही. पण शील आणि कलम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शील आपण स्वतः घेतो आणि मोडले तर स्वतःला जाब देतो. कलम पोलीस लावतो. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले आहे, आणि तत्त्व माणसाला विचार करायला जागा ठेवते. ज्या बाईला हा निर्णय घ्यावा लागतो तिला त्या शीलाचे ओझे कळत नाही असे समजणे हाच तिचा अपमान आहे. सिकलसेल आपल्या बौद्ध आणि गोंड घरांत किती पसरला आहे ते चंद्रपूर-गडचिरोलीत कोणाला सांगायला नको. दोघेही वाहक असले तर दर गर्भधारणेत चारात एक शक्यता आजारी मुलाची. गर्भातच तपासणी करता येते. पुढे काय करायचे ते त्या जोडप्याने ठरवायचे आहे. १ जुलै २०२३ पासून सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम काढली आहे, ती चांगलीच आहे. पण कोणी अधिकारी येऊन हे मूल पाडाच म्हणू लागला तर त्याला आम्ही तितक्याच जोराने अडवू, जितक्या जोराने पाडू देणार नाही म्हणणाऱ्याला अडवतो.

रघुनाथराव १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले. त्याच्या आदल्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला होता आणि त्यासाठी नोकरी घालवलेल्या, दोनदा दंड भरलेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब आमच्या चांद्याला आले. महर्षी कर्वे मुलानंतर नऊ वर्षे जगले. २००१ साली ‘ध्यासपर्व’ चित्रपट निघाला, २०१७ साली ‘समाजस्वास्थ्य’ नाटक आले, तेव्हा कुठे मराठी माणसाला बाबासाहेबांचे हे अशील कळू लागले.

त्या तरुणाला आम्ही फोन करून हे सगळे सांगितले. त्याने १९३४ च्या खटल्याबद्दल आणखी विचारले आणि गावात बोलायला या म्हणाला. येत्या पौर्णिमेला त्याच विहारात आशाताई, अंगणवाडीताई आणि ती उपासिका बसणार आहेत. कायद्याच्या कलम ३ चे मराठी भाषांतर आम्ही छापून नेत आहोत. सही कोणाची लागते ते वाक्य मोठ्या अक्षरात घेतले आहे.

जय भीम.